धारमायची धार

दोन महिने खपून मी जी मूर्ती घडवली, तिच्याबद्दल भंडारा जिल्ह्यातून आलेला अभिप्राय एका ओळीचा होता. 'भल्ली सुंदर हाय मॅडम, पन माय ओली काहून हाय?'

मूर्ती माझ्या लॅपटॉपमध्ये होती. तिचा दगडही तिथलाच, म्हणजे मी काढलेला. मी उत्तर लिहिलं की ती ओली नाही, वर्षानुवर्षं तिच्यावर पाणी-दूध ओतल्याच्या त्या खुणा आहेत. पलीकडून लगेच विचारणा झाली, 'कोनं ओतलं?' आणि मग, 'तुमी याच एकदा.' मी फुगून बसले. दुसऱ्या दिवशी तिकीट काढलं.

मी पेणची. आमच्या घरात गणपतीचा कारखाना आहे आणि लहानपणापासून मी मूर्तींच्या डोळ्यांची आखणी केली. पेणच्या मूर्तीचं आयुष्य फार तर दहा दिवसांचं, त्यामुळे आमच्याकडे देव कधी जुना होत नाही. पुढे मी माती सोडून संगणकावर शिल्पं करायला लागले आणि नेमकी जुन्या दगडाचीच कामं माझ्याकडे यायला लागली. संगणकाला नुसतं 'जुनं कर' म्हटलं तर तो सगळं अंग सारखंच जुनं करतो, देवी आलेल्या माणसासारखे खड्डे पाडून ठेवतो. खरा दगड तसा झिजत नाही. पाणी कुठून ओघळलं, हात कुठे लागले, ऊन कुठल्या बाजूने आलं, हे ठरवून एकेक थर चढवावा लागतो. हे मला येतं, असा माझा समज होता.

हे काम वैनगंगेपलीकडच्या, करडीच्या पुढच्या एका गावाचं. गावाचं नाव लिहू नका असं त्यांनीच सांगितलं आहे. तिथल्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, धारमाय नावाची एक दगडी बाई मांडी घालून बसलेली होती. पाळीची दुरुस्ती करताना ती यंत्राखाली गेली. तशीच नवी माय करायचं गावाने ठरवलं. मी संगणकात घडवायची आणि नागपूरच्या एका कारखान्यात यंत्राने ती दगडात कोरायची. हाताशी दोन जुने फोटो होते, दोन्ही हारांनी झाकलेले, आणि उरलेल्या एका तुकड्याचा तिसरा. बाकी सगळं फोनवर विचारून घेतलं होतं. फोनवर असायचे गावातले देवरामजी.

त्यांची बोली मी दोन-तीन फोनांत पकडली होती. 'मले' म्हणजे मला, 'तुले' म्हणजे तुला. मला याचं भारी कौतुक होतं. एकदा ते म्हणाले, 'दिवाळीच्या तोंडावर सारं गाव तिथंच इले पाजवे जी, बायामानसं सारे.' मी वहीत लिहून घेतलं: दिवाळीच्या आधी सारं गाव हिला पाजतं. शिवाय नावच धारमाय. दुधाची धार, पाण्याची धार. डोक्यापासून पायापर्यंत मी ओघळ काढले, खांदे गुळगुळीत केले, पदराच्या निऱ्यांत शेवाळाचा काळपट हिरवा रंग भरला. इतकं चांगलं काम मी आजवर केलं नव्हतं.

वरठी

भंडारा रोड हे स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीत आहे. गाडीतल्या शेजारणीने हे सांगितलं तेव्हा मी भंडारा अजून लांब आहे या भरवशावर चप्पल काढून बसले होते. एक चप्पल सीटखालून सापडेना. शेवटी शेजारणीच्या नवऱ्याने पाय लांब करून ती ओढली आणि मी गाडी हलायच्या आत उतरले.

देवरामजी फाटकाशी मोटारसायकल घेऊन उभे होते. बारीक अंगाचे, साठी उलटलेले, कानाला मफलर. पोलाद कारखान्याची पाळी सुटली होती आणि सायकली, मोटारसायकलींचा लोंढा चालला होता. ते निघायचं नाव घेईनात.

"तीस वर्सं ह्या गर्दीत होतो मी," ते म्हणाले. "आता बाहेरून पाहाले मजा येते. दोन मिनिटं थांबा जी."

आम्ही थांबलो. दोघातिघांनी त्यांना हात केला, तेव्हा कुठे गाडी सुरू झाली. लॅपटॉपची बॅग आमच्या दोघांच्या मध्ये होती आणि तिला धक्का लागू नये म्हणून ते इतके हळू चालवत होते की सायकलवाले आम्हाला मागे टाकत होते.

डिसेंबरातलं ऊन होतं. धान कापून झालेलं, बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, नुसते खुंट उभे, आणि त्या खुंटांमधून लाखोळीची हिरवी पोपटी पानं वर आलेली. आमच्याकडे भात कापलं की वाल येतो, इथे लाखोळी. धान उभं असतानाच त्यात बी फेकतात, देवरामजींनी सांगितलं, नांगरायचं काम नाही. जेवायला त्यांच्या घरी त्याच लाखोळीची डाळ होती, मागच्या साली वाळवून ठेवलेल्या तिच्याच पानांची भाजी आणि तलावातल्या माशांचं कालवण. माशाच्या कालवणात नारळ नाही हे पाहून माझा चेहरा पडला असावा, कारण त्यांच्या बायको कुसुमताई म्हणाल्या, "खाऊन तं पाहा, मंग तोंड वाकडं करा." मी दोनदा भात घेतला.

पाळीवर

सकाळी पाळीवर लॅपटॉप उघडला तर उन्हात काही म्हणता काही दिसेना. कुसुमताईंनी घरून गोधडी आणली. ती डोक्यावर ओढून मी, कुसुमताई आणि धुणं धुवायला आलेल्या दोन बाया अशा चौघी आत शिरलो. मी मूर्ती गरागरा फिरवून दाखवली. ओघळ जवळून दाखवले. शेवाळ दाखवलं.

"सुंदर हाय," कुसुमताई शेवटी म्हणाल्या. "कोनाची हाय?"

"तुमचीच. धारमाय."

"आमची माय कोरडी होती बाई."

मी गोधडीतून बाहेर आले आणि देवरामजींना जरा चढ्या आवाजातच म्हटलं, "तुम्हीच सांगितलं होतं. दिवाळीआधी सारं गाव इले पाजवे. हिला पाजतात, असं."

ते माझ्याकडे बघत राहिले. ओठांनी त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं. मग एकदम मांडीवर थाप मारली.

"इळे! इळे म्हनलो मी जी! धान कापाचे इळे. इळे पाजवे, म्हंजे धार लावे!"

इळे म्हणजे विळे. धुणं धुणारी एक बाई खाली पायरीवर बसून पोट धरून हसायला लागली. "मायले दूध पाजलं बाईनं," ती दुसरीला ओरडून सांगत होती. मी पेणला विळे पाहिले नाहीत असं नाही, भाताच्याच गावातली आहे मी. पण मले-तुलेचं व्याकरण मला आलं होतं ना! ते आलं नसतं तर मी एकदा तरी विचारलं असतं. आणि धारमायची धार कुठली, तेही आता कळलं. मला हसूही आलं आणि दोन महिन्यांच्या कामासाठी रडूही आलं, आणि दोन्ही एकदमच आल्यामुळे मी उगीच लॅपटॉप पुसत बसले.

देवरामजींनी पिशवीतून कारखान्याच्या टॉवेलात गुंडाळलेला एक तुकडा काढला. मायच्या उजव्या मांडीचा एवढाच भाग हाती लागला होता, बाकी सगळं पाळीच्या मातीत गेलं. त्याचा फोटो मला आला होता. त्यावर तीन खोलगट चर होते, आणि ते यंत्राच्या दातांनी पडले असं समजून मी मॉडेलमध्ये काळजीपूर्वक बुजवले होते. आता मी एका चरात बोट घातलं. आतून तो वरवंट्याच्या पोटासारखा गुळगुळीत होता. यंत्राने असं होत नाही. यायच्या आधी मी हा तुकडा हातात घेतला असता तर एवढं एका क्षणात कळलं असतं.

"त्या दिवशी मी होतो इथं," देवरामजी तुकड्याकडे बघत म्हणाले. "मशीनवाला म्हने, आधी दगड हलवून घ्या. मी म्हनलो, उद्या हलवू. जेवाले गेलो. आलो तं हे झालं." त्यांनी टॉवेलाची घडी सारखी केली. "मले एकच काम करून मराचं हाय, जी. होती तशी बसवाची."

"डाव्या मांडीवर पण असेच चर होते?" मी विचारलं.

"एकच," कुसुमताई म्हणाल्या. "भागाबाईचा. ते डावरी हाय."

भागाबाई गावातली कापणीची मजूर. चाळीसेक वर्षं तिने आणि तिच्यासारख्या बायांनी दुसऱ्यांच्या बांध्या कापल्या. तिच्या सासऱ्यांनी छप्पन साली बुद्धाचा धम्म घेतला तेव्हापासून त्या घराने धारमायपुढे हात जोडले नाहीत की फूल ठेवलं नाही. पण विळा पाजवायला दुसरा चांगला दगड गावात नव्हता. बाकीच्या बाया उजव्या मांडीवर घासत, ही डाव्या. मायच्या अंगावरची सगळ्यात खोल खूण तिची होती. नव्या मायची बैठक झाली तेव्हा तिला कोणी बोलावलं नाही. ती रस्त्यात देवरामजींना भेटली आणि एवढंच म्हणाली, 'करा जी नवी माय. माही रेघ राहीन का त्याच्यात?' ते हो म्हणून बसले होते, आणि इळे पाजवतात हे मला सांगितलं म्हणजे रेघाही येतील असं त्यांनी धरलं होतं.

माझ्या मॉडेलची डावी मांडी मला आठवली. तिच्यावरून दुधाचा एक लांब ओघळ गेला होता. जे ओतायला येतील असं मला वाटलं, ते सगळे मी त्या दगडावर आणले होते, आणि घासणारी एकही बाई आणली नव्हती. मला लाज वाटली. नागपूरच्या कारखान्यात दगड येऊन पडला होता आणि सोमवारी कोरायला घेणार होते. त्या दिवशी गुरुवार होता.

"भागाबाई कुठे राहतात?"

"लाखांदूरले गेली हाय, लेकीकडं," कुसुमताई म्हणाल्या. "तिकडं कापनी उशिरा चालू हाय."

लाखांदूर

एसटी बदलत बदलत लाखांदूरला जायला अर्धा दिवस गेला. त्यातलं सांगण्यासारखं इतकंच की देवरामजींनी वाटेत उकडलेले शिंगाडे घेतले आणि ते दातांनी कसे फोडायचे हे मला शिकवलं, आणि मी ओठ कापून घेतला. आमच्याकडे पोपटीत वालाच्या शेंगा कशा सोलतात ते मी त्यांना सांगितलं. मडक्यात भामरुडाचा पाला घालून शेंगा भाजतात हे त्यांना काही पटेना. "पाल्याचा वास नाई लागत?" ते दर दोन थांब्यांनी विचारत होते.

भागाबाई लेकीच्या अंगणात बसून धान पाखडत होती. उंच, काळीसावळी, सुपावरचा हात डावा.

"जयभीम, भागाबाई," देवरामजी म्हणाले.

"जयभीम, देवरामभाऊ. एवढ्या दूर काहून आले? कोनी गेलं का?"

"नाई, नाई. तुही रेघ घ्याले आलो."

घराच्या सावलीत मी लॅपटॉप उघडला. तिने डोळे बारीक करून पाहिलं. "हे तं देवळातली बाई झाली," ती म्हणाली. मग देवरामजींनी तिला इळे आणि इले सांगितलं. ती इतकी हसली की तिने सूप खाली ठेवलं. पदराने डोळे पुसून मला म्हणाली, "बाई, तुमी आमाले इचाराव तं लागत होतं."

"आता विचारते. चर किती खोल होता? किती लांब?"

तिने हाताने हवेत दाखवलं. पुन्हा दाखवलं तेव्हा माप वेगळं आलं. तिसऱ्यांदा तिसरंच. ती वैतागली. "असं नाई सांगता येत. हात सांगन, तोंड नाई सांगत."

घरामागे एक लहान बोडी होती, पाणी आटत आलेली. तिच्या कडेची चिकण माती मी टोपलीभर काढली, खडे वेचले आणि मळायला घेतली. मी नऊ वर्षांनी माती मळत होते. भागाबाईची लेक दारातून बघत होती, ही पेणहून आलेली बाई चिखल का तुडवते आहे म्हणून. पाटावर मी मांडीचा आकार उभा केला, गुडघ्याची गोलाई फोटोतली आठवून दिली आणि सावलीत थोडी सुकू दिली.

भागाबाईने घरातून फडक्यात गुंडाळलेला विळा आणला. डावखुऱ्याचा विळा वेगळा असतो, धार उलट्या बाजूने. लोहार खास करून देतो. म्हणून ती कुठेही गेली तरी स्वतःचा घेऊन जाते. ती पाटासमोर उकिडवी बसली, उजवा हात मातीच्या मांडीवर टेकवला, आणि डाव्या हाताने विळा एकदा पुढे नेला.

"थांबा," मी म्हटलं. "शेवटी काय केलंत?"

"काय केलं?"

"मनगट वळवलं."

"उचलाव लागते ना थोडा. नाई तं तोंड मरते इळ्याचं."

त्या वळणामुळे चराला शेवटी एक लहानशी शेपटी येत होती, वर उचललेली. असं वळण मी कुठल्याही ब्रशने काढलं नसतं, कारण ते असतं हेच मला माहीत नव्हतं. मी तिला पुन्हा पुन्हा घासायला लावलं. माती बसत गेली. मग तिने अंगठा चरात आडवा ठेवून पाहिला, अजून चार वेळा विळा चालवला, पुन्हा अंगठा ठेवला.

"आता झाला. अंगठा बसे माहा, एवढाच."

मोबाइलवर मी त्या पाटाचे चारी बाजूंनी दीडशे फोटो काढले. त्यांवरून संगणक आकार बरोबर उचलतो. देवरामजी सावली पडू नये म्हणून धोतराचं टोक आवरून माझ्यासोबत गोल फिरत होते.

चहा घेताना मनात आलेलं मी बोलून टाकलं. नवी माय कोरीच ठेवली तर? पुढच्या दिवाळीपासून बायांनी घासून घासून स्वतःचे चर पाडावेत. मला ते फार चांगलं वाटत होतं.

भागाबाईने कप खाली ठेवला. "धान आता मशीन कापते, बाई. इळा कोपऱ्यातल्या धानाले लागते, जिथं मशीन वळत नाई. घासन कोन? तुमी कोरी ठेवली तं कोरीच राहीन." ती सुपाकडे वळली. "कोनी इचारलं तं काय दाखवू, मी तिथं होती म्हनून?"

निघताना तिने फडक्यात बांधून मूठभर लाखोळीची डाळ दिली. गाडीत देवरामजी शिंगाडे न खाता बसले होते.

पेण

शनिवारी घरी पोचले आणि तशीच बसले. ओघळांचा थर पुसायला एक बटण दाबावं लागतं. ते दाबायला मला बराच वेळ लागला. खांद्यांचा गुळगुळीतपणा काढला, शेवाळ काढलं. खांद्यांवर उन्हापावसाने सुटलेले बारीक पोपडे ठेवले. उजव्या मांडीवर तुकड्यातले तीन चर उघडले. डाव्या मांडीवर लाखांदूरची माती बसवली, शेपटीसकट.

बाबा कारखान्यातून जेवायला आले तेव्हा माझ्या खांद्यावरून वाकून बघत राहिले. आमच्या कारखान्यात मूर्तीवर ओरखडा दिसला तर ती बाजूला काढतात.

"एवढा मोठा ओरखडा ठेवलास?"

"तो भागाबाईंचा आहे," मी म्हटलं.

रविवारी फाइल नागपूरला पाठवली.

माय पाळीवर बसली त्या दिवशी मला जाता आलं नाही. संध्याकाळी देवरामजींचा फोन आला. नारळ फुटले, हार पडले, भाषणं झाली. सगळ्यांच्या मागे भागाबाई उभी होती. गर्दी पांगल्यावर पुढे आली. हात जोडले नाहीत. डाव्या मांडीवर अंगठा आडवा ठेवला आणि म्हणाली, 'थोडी खोल झाली. मी एवढी म्हातारी कुठं हाय?'

"मंग?" माझ्या तोंडून त्यांच्यासारखंच निघालं.

"मंग तिनं फडक्यातून इळा काढला जी. कोनी हो-नाई म्हनाच्या आत दोनदा घासला. सरपंच ओरडला, अवो भागाबाई, नवा दगड हाय! ते काई आयकते? धारेवर बोट फिरवलं न म्हने, लागली धार." मग देवरामजींनी अगदी कामाच्या स्वरात विचारलं, "मॅडम, आता तुमाले फाइलमधी बदल कराव लागन का?"

मी फाइल उघडली आणि डावी मांडी जवळ आणली. त्या दोन रेघा तिच्यात नव्हत्या. नाही, मी म्हटलं, आणि फाइल तशीच बंद केली.